मोसूलला १० लाख, मंगफला २ लाख, आपल्या पोराला किती?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी दुबईला, मस्कतला, लंडनला, मेलबर्नला नाहीतर बँकॉकला आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांचं पोरगं सध्या एखाद्या एजंटच्या ऑफिसात चकरा मारतंय त्यांनी दोनदा वाचा.

सरळ प्रश्न आहे. सोलापूरचा माणूस सोलापुरात गुन्ह्याला बळी पडला तर सरकारने त्याला किंवा त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाई द्यावी, असा कायदा आहे. कमी देतात, उशिरा देतात, चपला झिजवायला लावतात, ते सगळं मान्य. पण मागायला कलम आहे. तोच सोलापूरचा माणूस परदेशात चाकूने भोसकला गेला, कुणी डांबून ठेवून मारहाण केली, बाईमाणसावर अत्याचार झाला, तर? मग कलम कुठलं? खिडकी कुठली? अर्ज कुणाकडे?

उत्तर असं की धड काहीच नाही. बातमी मोठी झाली तर काहीतरी मिळेल. नाही झाली तर शवपेटी घ्या आणि गप घरी जा.

आधी कायदा बघू, कारण आपल्याकडे "कायदाच नाही ओ" म्हणून विषय लगेच संपवतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने ३५७-अ हे कलम आलं, ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात तेच कलम ३९६ झालं. कलम म्हणतं की प्रत्येक राज्य सरकारने केंद्राशी समन्वय ठेवून योजना करावी आणि गुन्ह्यामुळे ज्यांना नुकसान किंवा इजा झाली त्या बळीला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना भरपाई द्यावी. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि प्राधिकरणाने २ महिन्यांत चौकशी संपवायची असते. महाराष्ट्राची योजना २०१४ ची. बलात्कार, ॲसिड हल्ला आणि लहान मुलांवरचे अत्याचार यांसाठी मनोधैर्य योजना तिच्याही आधी, २०१३ पासून आहे. त्यात काही प्रकरणांत १० लाखांपर्यंत मदत मिळते.

आता गंमत बघा. मूळ कलमात "भारतात घडलेला गुन्हा" असे शब्द नाहीत. गुन्ह्यामुळे नुकसान झालेला बळी, एवढंच आहे. पण खाली जी यंत्रणा उभी केली ती सगळी स्थानिक. ठाण्यातला एफआयआर, इथल्या कोर्टाची शिफारस, इथल्या सरकारी दवाखान्याचा कागद. तातडीच्या मदतीसाठी दाखला द्यायचा तो ठाणे अंमलदाराने किंवा त्या भागातल्या मॅजिस्ट्रेटने. शारजात हाडं मोडली तर "त्या भागातला" मॅजिस्ट्रेट कुठून आणायचा? टेबलावरचा माणूस फाइल बघतो आणि म्हणतो, हद्दीत येत नाही. त्याचीही चूक नाही म्हणा. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की परदेशातला बळी आला तर काय करायचं.

अतिरेकी हल्ल्यातल्या नागरिकांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे, २००८ ची. त्यात मृत्यू झाला तर ५ लाख. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या शेवटी स्पष्ट शब्द घातलेत: "भारतीय भूमीवर". म्हणजे अतिरेक्याने गोळी कुठे झाडली त्यावर तुमचं नागरिकत्व किती ते ठरणार. पासपोर्टावर तर असं काही लिहिलेलं नसतं.

मग परदेशात मेलेल्यांना कधीच काही मिळालं नाही का? मिळालं की. इराकमध्ये मोसूलला जून २०१४ मध्ये ३९ भारतीय कामगार आयसिसने पळवले. चार वर्षं घरचे वाट बघत राहिले. मार्च २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की सगळे मारले गेले, आणि मग एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी प्रत्येक कुटुंबाला १० लाख जाहीर केले. पुढे १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४५ भारतीय गेले. तिथे केंद्राची मदत २ लाख. ती आग होती, तिला गुन्हा म्हणा नाहीतर हलगर्जी म्हणा, पण मला मुद्दा दुसरा दिसतो. एकीकडे १०, दुसरीकडे २, कुठल्या नियमाने? नियम नाहीच. वरून जाहीर झालं, मिळालं. ज्या दिवशी देशातल्या सगळ्या चॅनलवर आपलं पोरगं एकटंच मेलेलं असेल, त्या दिवशी जाहीर करायला कुणी नसतं.

एकट्या मेलेल्याचं उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. २६ डिसेंबर २०११, इंग्लंडमधलं सॅलफर्ड. लँकेस्टर विद्यापीठात शिकणारा पुण्याचा २३ वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर रस्त्याने चालला होता. एकाने येऊन वेळ विचारली आणि डोक्यात गोळी घातली. कारण काही नाही. घरच्यांना ही बातमी पोलिसांच्या आधी फेसबुकवरून कळली, त्यावरून तिथल्या पोलिसांना नंतर माफी मागावी लागली. खुन्याला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षं. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली, सगळं झालं. आणि तरी आपल्या देशाच्या कुठल्याही कायद्यात त्या आईबापांसाठी एक ओळ नव्हती. आज २०११ नंतर इतकी वर्षं झाली, ती ओळ अजून नाही. त्या काळात, २०१२ ते २०१४, देशाचे गृहमंत्री आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. त्यांच्याच काळात २०१३ ची फौजदारी कायद्याची मोठी दुरुस्ती झाली, भरपाईची आणि मोफत उपचाराची नवी कलमं आली. चांगलं झालं. परदेशातल्या बळीची आठवण तेव्हाही कुणाला झाली नाही. त्यानंतर सत्ता बदलली, संहिता बदलली, कलमांचे नंबर बदलले, पण ही जागा कोरीच राहिली. त्यामुळे यात कुणी पक्षाचा झेंडा घेऊन कमेंटमध्ये येऊ नये. दोघंही सारखेच.

आता दूतावासाच्या मदतीबद्दल. "अहो, कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे की," असं लगेच कुणीतरी लिहील. आहे. २००९ पासून आहे, २०१७ मध्ये त्याचे नियम सुधारले. अडकलेल्याला काही दिवस राहायची-खायची सोय, परतीचं तिकीट, तातडीचा दवाखाना, थोडी कायदेशीर मदत, मृतदेह घरी पाठवणं, हे त्यातून होतं. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. तो फंड तुम्हाला घरापर्यंत आणून सोडतो. पुढे काय? पाय गेलेला माणूस यंत्रमागावर उभा राहू शकत नाही. बाईवर अत्याचार झाला असेल तर तिला वर्षानुवर्षं उपचार लागतात. कर्ज काढून गेलेला असेल तर सावकार दारात बसलेला असतो. यातल्या कशासाठीच तो फंड नाही. आणि हा फंड सरकारच्या खिशातला तरी आहे का? परदेशातले भारतीय दूतावासात पासपोर्टचं, दाखल्याचं काम करायला जातात तेव्हा त्यांच्याकडूनच वर थोडे पैसे घेतात, त्यातून तो उभा राहतो. म्हणजे आपलेच पैसे, आपल्यालाच वापरायला, तेही तिथल्या अधिकाऱ्याला गरज पटली तर.

दुसरी ढाल दाखवतात ती प्रवासी भारतीय बीमा योजना. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, हप्ता २ वर्षांना २७५ रुपये. स्वस्त आहे, चांगली आहे, घ्यायलाच पाहिजे. पण सक्ती कुणाला? ज्यांच्या पासपोर्टावर उत्प्रवास तपासणीचा शिक्का लागतो त्यांना, आणि तेही यादीतल्या १८ देशांत कामाला जाताना. दहावी पास झालेल्याला हा शिक्का लागत नाही. म्हणजे पोरगं दहावी झालं की सरकारच्या काळजीतून बाहेर! डिप्लोमावाला बाहेर, शिकायला गेलेला विद्यार्थी बाहेर, टुरिस्ट व्हिसावर पाठवलेला तर बाहेरच. म्यानमार, कंबोडिया, लाओस हे देश त्या यादीतच नाहीत. आणि सध्या आपली पोरं नेमकी तिथेच अडकतात.

या सायबर गुलामीबद्दल जरा सविस्तर बोलायला पाहिजे, कारण पुढचा धोका तिथे आहे. डेटा एंट्रीची नोकरी, पगार चांगला, बँकॉकचं तिकीट. विमानतळावरून गाडीत घालतात आणि नदी ओलांडून म्यानमारमध्ये नेतात. पासपोर्ट काढून घेतात. १५-१६ तास कंप्युटरसमोर बसवून लोकांना ऑनलाइन फसवायला लावतात. नाही म्हटलं की मार, विजेचे झटके. सुटायचं असेल तर घरून पैसे मागवा. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीय तिथून परत आणले. त्याच्या पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर पोलिसांनी ६० हून जास्त लोकांना सोडवल्याचं सांगितलं आणि ५ एजंट पकडले. सोडवून आणलं याबद्दल सरकारचं आणि पोलिसांचं कौतुक केलंच पाहिजे, मी करतो. पण विमानातून उतरल्यावर काय? चौकशी. तू स्वतःहून गेलास का, तू कुणाकुणाला फसवलंस, तुझा मोबाइल दे. चौकशी करा, काही जण खरंच सामील असतील. पण ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला बळी म्हणून एक अर्ज भरून घ्यायला काय अडचण आहे?

आणि इथे "हद्दीत येत नाही" हे उत्तर चालतच नाही. फसवणूक कुठे सुरू झाली? सोलापुरात. पैसे कुठे घेतले? सोलापुरात, फोनपे वर. माणसाला फसवून नेण्याचा, मानवी तस्करीचा गुन्हा इथेच सुरू होतो. मग भरपाईही इथेच पाहिजे. २०१५-१६ च्या केंद्रीय पीडित भरपाई निधीच्या नियमांत मानवी तस्करीच्या बळीच्या पुनर्वसनाला किमान १ लाख असं लिहिलेलंच आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण शब्द कागदावर आहे. म्यानमारहून आलेल्या किती पोरांना तो शब्द कुणी वाचून दाखवला?

एजंटचं तर विचारूच नका. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना परदेशी भरती करणं गुन्हा आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड २ हजार रुपयांपर्यंत. २ हजार! एका पोराकडून लाखांत घेणाऱ्याला. नोंदणीकृत एजंटला ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते, छोट्याला ८ लाखांची. म्हणजे नियमाने वागणाऱ्याचे पैसे सरकारकडे अडकलेले, आणि लॉजवर खोली घेऊन, व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकून पोरं उचलणारा मोकळा. हा जुना कायदा बदलायचा म्हणून २०२१ मध्ये एक मसुदा आला, २०२५ मध्ये आणखी एक आला. मसुदे येऊ द्यात. भरपाईचं कलम त्यात घालायची हीच वेळ आहे.

बाकीचे देश काय करतात? जपानने २०१६ मध्ये कायदाच केला. परदेशात गुन्ह्यात जपानी नागरिक मेला तर घरच्यांना २० लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १२ लाख रुपये. गंभीर अपंगत्व आलं तर १० लाख येन. आपल्या मोसूलएवढीच रक्कम. फरक एवढाच की तिथे मागायला पंतप्रधानांकडे बघत बसावं लागत नाही. अर्ज करायचा, ठरलेली रक्कम घ्यायची. जर्मनीने २००९ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून परदेशात हिंसेला बळी पडलेल्या आपल्या लोकांची सोय केली. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन फक्त अतिरेकी हल्ल्यापुरतं देतात. ऑस्ट्रेलियात ७५ हजार डॉलरपर्यंत. परिपूर्ण कुणाचंच नाही. पण काहीतरी लेखी आहे.

जर्मनीचं नाव मुद्दाम घेतलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १० हजार कुशल तरुण पाठवायचे म्हणून. त्याच वर्षी पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्राएलसाठी बांधकाम कामगारांच्या चाचण्या झाल्या. म्हणजे "पोरं आपल्या मर्जीने जातात, आमचा काय संबंध" हे आता सरकारला म्हणता येणार नाही. तुम्ही करार करता, तुम्ही चाचण्या घेता, फोटो काढता. मग जबाबदारीही घ्या. गंमत अशी की जर्मनीत आपल्या पोरावर हल्ला झाला तर जर्मनीचा कायदा त्याला विचारतो, परका म्हणून वगळत नाही. आपला कायदा मात्र आपल्याच पोराला विचारत नाही.

आता अगदी घरचं. आपल्या पूर्वभागात, अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत, हजारो तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबं आहेत. अर्धे पाहुणे तेलंगणात. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये आदेश काढला की आखाती देशांत तिथला कामगार मेला तर वारसांना ५ लाख. कारण काहीही असो, गुन्हा असो नाहीतर हार्ट ॲटॅक. केरळने तर १९९६ पासून परदेशातल्या मल्याळी लोकांसाठी वेगळं खातंच ठेवलंय, नोर्का. म्हणजे दोन चुलतभाऊ एकाच कंपनीत, एकाच लेबर कॅम्पात. एकाचं घर करीमनगरला, दुसऱ्याचं सोलापुरात. दोघांचं सारखंच बरंवाईट झालं तर एकाच्या घरी ५ लाख जाणार आणि दुसऱ्याच्या घरी सांत्वनाला नगरसेवक येणार.

आणि पैसे नाहीत म्हणू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून देशात येणाऱ्या पैशात पहिला नंबर महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के. केरळ त्याच्या खाली, १९.७. त्यातला बराचसा पैसा मुंबईच्या खात्यांत येतो हे मान्य. तरी पहिला नंबर आपला आणि खातं केरळचं, हे काही पटत नाही.

आणखी एक आक्षेप येतो: ज्या देशात गुन्हा झाला त्या देशाने द्यावं. बरोबर आहे, द्यावं, आणि काही देश देतातही. पण मागणार कोण? ब्रिटनमध्ये अर्ज साधारण २ वर्षांच्या आत करावा लागतो, आणि २०१२ पासून तिथे राहण्याच्या अटीही आहेत. भवानी पेठेतल्या आईला हे कोण सांगणार? इंग्रजी फॉर्म कोण भरणार? वारस दाखल्याचं भाषांतर, त्यावर अपोस्टिल, कोण करून देणार? आखातात तर बहुतेक वेळा मालकाशी तडजोड होते, आणि कशावर सही केली हे घरच्यांना नंतर कळतं. दूतावास "मदद" पोर्टलवर तक्रार घेतो, तिला नंबर देतो. नंबर घेऊन बसा.

"बेकायदा गेला, त्याला कशाला?" यावर एवढंच की सोलापुरात दारू पिऊन रात्री दोनला फिरणाऱ्याला कुणी भोसकलं तर आपण भरपाई नाकारत नाही. बळी तो बळी.

ज्यांच्यावर आत्ता ही वेळ आली आहे त्यांनी काय करावं तेही सांगतो. एक, एजंटविरुद्ध इथेच फिर्याद द्या. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. "तिकडे जा" म्हणाले तर लेखी मागा. दोन, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे कलम ३९६ खाली लेखी अर्ज द्या. नाकारतील, बहुतेक नाकारतीलच. पण नकार लेखी घ्या, कारण उद्या हायकोर्टात जायचं तर तोच कागद लागणार. तीन, दूतावासाला मेल करताना फक्त "मदत करा" लिहू नका. त्या देशात गुन्ह्यातल्या बळींसाठी योजना आहे का, मुदत किती, अर्ज कुठे, हे तीन प्रश्न नेमके विचारा. चौथं, परदेशातून आलेल्या कुठल्याही तडजोडीच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, मग समोरचा कितीही "अर्जंट आहे" म्हणो.

आपले खासदार म्हणजे सोलापूरच्या प्रणिती शिंदे आणि माढ्याचे धैर्यशील मोहिते-पाटील. दोघांनाही माझी मागणी एकच आहे. पुढच्या अधिवेशनात परराष्ट्र आणि गृह, दोन्ही मंत्रालयांना लेखी प्रश्न विचारा: गेल्या १० वर्षांत परदेशात गुन्ह्याला बळी पडलेल्या किती भारतीयांना सरकारने भरपाई दिली, कुठल्या नियमाखाली, आणि महाराष्ट्रातले त्यात किती? आमदारांनी हेच विधानसभेत विचारावं: कलम ३९६ च्या राज्य योजनेत परदेशातल्या गुन्ह्याचा बळी बसतो की नाही, हो की नाही एवढंच सांगा. बसत असेल तर तसं परिपत्रक सगळ्या जिल्हा प्राधिकरणांना पाठवा. बसत नसेल तर योजनेत दुरुस्ती करा, मृत्यूला मोसूलएवढे १० लाख ठरवा आणि प्राधिकरणाच्या ऑफिसात त्यासाठी एक टेबल ठेवा. बाकी काही नको.

दोघांच्याही ऑफिसला या मजकुराचं पत्र सोमवारी देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव आणि पेठ लिहा. ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांनी कमेंटमध्ये लिहू नका, इनबॉक्समध्ये या.